देह उघडा, हिशेब झाकलेला

‘कॅमिल २०००’ हा चित्रपट १९६९ सालचा. दिग्दर्शक रॅडली मेट्झगर न्यूयॉर्कचा, कथा मात्र रोममध्ये घडते. युरोपातले धीट चित्रपट अमेरिकेत नेऊन विकणे हा मेट्झगरचा मूळ धंदा. पुढे तो स्वतःच शृंगारपट काढू लागला. १९६७ मध्ये त्याने मेरिमेच्या ‘कार्मेन’ला आजचे कपडे चढवले (की उतरवले म्हणावे?), आणि दोनच वर्षांनी हात घातला तो धाकट्या अलेक्झांडर ड्यूमाच्या १८४८ सालच्या कादंबरीला. कादंबरीचे नाव ‘ला दाम ओ कामेलिया’, म्हणजे कॅमेलियाच्या फुलांवाली बाई. पॅरिसमधली एक श्रीमंतांनी ठेवलेली बाई, तिच्यावर जीव लावणारा मध्यमवर्गीय तरुण, त्याच्या बापाच्या सांगण्यावरून तिने केलेला त्याग आणि क्षयाने आलेले मरण, एवढीच ती गोष्ट. एवढ्या गोष्टीवर पावणेदोनशे वर्षे जग रडते आहे.

अशा चित्रपटावर या पानांत लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कुणी विचारील. प्रयोजन आहे. मी एका तालुक्याच्या गावी पदवीच्या वर्गाला साहित्य शिकवते. दरवर्षी ‘शोकात्मिका’ हा घटक येतो, आणि दरवर्षी पुस्तकातले तेच वाक्य फळ्यावर लिहावे लागते, की नायकाच्या हातून घडलेल्या प्रमादामुळे त्याचा नाश होतो. वर्गातली अर्धीअधिक मुले ऊसतोड्यांची, सालगड्यांची, गवंड्यांची. त्यांच्या घरातली माणसे कुठल्याही प्रमादाशिवाय नाश पावलेली त्यांनी पाहिलेली असतात. ती वहीत वाक्य उतरवून घेतात आणि माझ्याकडे बघतात. तेव्हा ‘अजरामर शोकांत प्रेमकथा’ असे लेबल लावून आलेल्या कुठल्याही वस्तूचे खोके उघडून आत काय आहे ते पाहणे हे मी माझे काम समजते. शिवाय या चित्रपटाची तारीफ करणारे सगळे एकच शब्द वापरतात: सुंदर. सुंदर तो आहेच. त्या सुंदरपणाविषयीच मला बोलायचे आहे.

आधी कादंबरीकडे जाऊ, कारण चित्रपटाने काय ठेवले आणि काय टाकले हे त्याशिवाय कळणार नाही.

ड्यूमाची कादंबरी प्रेमाने सुरू होत नाही, लिलावाने सुरू होते. मार्च १८४७, पॅरिसच्या र्‍यू दांतँवरचे एक घर. घराची मालकीण मेली आहे आणि तिचे सामान विकायला काढले आहे. प्रतिष्ठित घरांतल्या बायका लिलावाआधी ते सामान पाहायला गर्दी करतात, कारण अशा बाईच्या जिवंतपणी तिच्या घरात पाय ठेवणे त्यांना शक्य नव्हते. निवेदक १०० फ्रँक देऊन ‘मानों लेस्को’ची एक जुनी प्रत घेतो. लिलावात दीड लाखाहून अधिक फ्रँक जमतात. त्यांतले दोन तृतीयांश सावकार घेऊन जातात, उरलेले नात्यातल्या माणसांना मिळतात. म्हणजे मार्गरित गोतिए आपल्याला भेटण्याआधी तिची किंमत आपल्याला कळते.

पुढेही सारा हिशेबच आहे. मार्गरितचा वर्षाचा खर्च लाखभर फ्रँक. आर्मां द्युव्हालचे वर्षाचे उत्पन्न सात-आठ हजार. प्रुदांस नावाची शेजारीण, जी मैत्रीणही आहे आणि दलालही, ती आर्मांला समोर बसवून समजावते की एका पुरुषाच्या पैशात या बाईचे घर चालूच शकत नाही. म्हणून एक म्हातारा ड्यूक हवा, एखादा काउंट हवा, आणि तुझ्यासारख्याने उरलेल्या वेळात गोडी मानून घ्यावी. मार्गरितच्या फुलांचाही हिशेब आहे. महिन्याचे पंचवीस दिवस पांढरी कॅमेलिया, पाच दिवस लाल. कादंबरी म्हणते की याचे कारण कुणालाच कळले नाही. बाई वाचक असेल तर तिला पहिल्याच वाचनात कळते. ती दुकानाची पाटी आहे. पॅरिसच्या नाट्यगृहात बसलेल्या गिऱ्हाइकांनी लांबून वाचावी अशी. या पाटीवर पुढे ‘सौंदर्यप्रतीक’ म्हणून पुष्कळ लिहिले गेले.

गावाकडे बुजीवालला दोघे राहायला जातात तेव्हा मार्गरित आपले घोडे, शाली, दागिने गुपचूप प्रुदांसमार्फत विकते. ही तिची प्रेमाची भाषा आहे. विकली गेलेली बाई पहिल्यांदाच स्वतः काहीतरी विकते आहे, आणि तेही स्वतःच्या इच्छेने. आणि आर्मांची सूडाची भाषाही तीच. ती त्याला सोडून गेल्यावर एका रात्रीपुरती परत येते. दुसऱ्या दिवशी तो तिला ५०० फ्रँकची नोट पाठवतो, रात्रीची किंमत म्हणून. ती नोट परत येते. त्या परत आलेल्या नोटेइतका स्वाभिमान मला साऱ्या कादंबरीत दुसरीकडे दिसत नाही.

एक वाक्य मात्र सगळ्या हिशेबाच्या बाहेरचे आहे. मार्गरित एके ठिकाणी सहज सांगून जाते की ती खेड्यातली साधी मुलगी, सहा वर्षांपूर्वी तिला स्वतःचे नावसुद्धा लिहिता येत नव्हते. माझी आई पन्नाशी उलटल्यावर सही करायला शिकली. (हल्ली रेशनच्या दुकानात सगळ्यांचाच अंगठा लागतो, तो भाग वेगळा.) म्हणून असेल, पण या वाक्यापाशी मी थांबले. ज्या बाईला नाव लिहिता येत नव्हते ती मरताना पानेच्या पाने लिहिते, आणि आर्मांला खरे काय घडले ते तिच्या त्या लिखाणातूनच कळते. हात थकल्यावर शेवटची पाने मैत्रीण लिहिते. कादंबरीचा शेवट या दोन बायकांच्या हातचा आहे.

ज्या खऱ्या बाईवरून ही व्यक्तिरेखा घेतली तिचे नाव अल्फोन्सीन प्लेसी. १८२४ साली नॉर्मंडीतल्या एका खेड्यात, फेरीवाल्याच्या घरी जन्म. पॅरिसला येऊन कपडे धुण्याचे, शिवणाच्या दुकानातले काम. मग श्रीमंतांचा आश्रय आणि मारी द्युप्लेसी हे नवे, भारदस्त नाव. ३ फेब्रुवारी १८४७ रोजी ती क्षयाने मेली तेव्हा २३ वर्षांची होती. नाव बदलल्याशिवाय वरच्या वस्तीत शिरता येत नाही, हे आपल्या वाचकांना समजावून सांगावे लागू नये.

आता बापाकडे वळू. साऱ्या शोकांतिकेची किल्ली त्याच्या खिशात आहे. थोरला द्युव्हाल मार्गरितकडे येतो आणि सांगतो की मला एक मुलगी आहे, तिचे लग्न ठरले आहे, मुलाकडच्यांना आर्मांचे हे प्रकरण कळले आहे, आणि तू त्याला सोडले नाहीस तर ते लग्न मोडतील. बस, एवढेच. खलनायक कुणी नाही. बाप सभ्य आहे, त्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा येते. मार्गरित त्याला म्हणते, तुमच्या मुलीचे चुंबन घेता तसे एकदा माझे घ्या. तो घेतो आणि निघून जातो. म्हणजे एका घरातली मुलगी ‘चांगल्या’ घरात पडावी म्हणून दुसरी कुणाची तरी मुलगी मरायला सोडायची. बाबासाहेबांनी १९१६ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरच्या निबंधात जातीचे सार आंतर्विवाहात आहे असे दाखवून दिले, आणि वर्तुळ बंद ठेवण्यासाठी ‘जादा’ ठरलेल्या बाईचे काय करायचे हा प्रश्न त्या व्यवस्थेपुढे कसा उभा राहतो तेही दाखवले. पॅरिसमध्ये जात नव्हती, मान्य. पण सोयरिकीचे वर्तुळ होते, आणि वर्तुळाबाहेरची बाईही होती. फरक एवढाच की तिथे तिला जाळत नाहीत, तिच्याकडून त्याग करून घेतात आणि त्या त्यागावर कादंबरी लिहितात.

ही कादंबरी लिहिणारा कोण होता, हेही पाहण्यासारखे आहे. धाकटा ड्यूमा हा प्रसिद्ध कादंबरीकार थोरल्या ड्यूमाचा अनौरस मुलगा. आई कातरीन लाबे, शिवणकाम करणारी. सात वर्षांचा असताना, १८३१ मध्ये, बापाने त्याला कायद्याने आपला म्हटले आणि आईपासून तोडले. शाळेत पोरांनी त्याला आईवरून छळले. आणि मागे गेले तर त्याची पणजी मारी-सेसेत ही कॅरिबियन बेटातल्या सां-दोमांग वसाहतीतली, आजच्या हैतीतली, एक काळी गुलाम स्त्री. फ्रेंच उमरावाने तिच्यापासून झालेल्या मुलाला फ्रान्सला आणले. तो सेनापती झाला, नातू कादंबरीकार झाला, पणतू १८७४ मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडून गेला. एवढ्या खालून एवढ्या वर. आणि वर पोचल्यावर या पणतूने काय केले? कुटुंबसंस्थेच्या पावित्र्यावर उपदेशपर नाटके लिहिली. कादंबरीतल्या बापाचे भाषण त्याने इतक्या आत्मीयतेने लिहिले आहे की वाचताना मला आपल्याच वस्तीतून निघून शहरातल्या सोसायटीत राहायला गेलेले, आणि आता मुलीच्या सोयरिकीसाठी गावाकडच्या भावकीचे नाव न काढणारे गृहस्थ आठवतात. अशी माणसे दुष्ट नसतात. ती फार घाबरलेली असतात. ड्यूमाच्या कादंबरीचा खरेपणा या भीतीत आहे. ती त्याला आतून ठाऊक होती.

त्यानंतर जे झाले ते एकेक पापुद्रा काढून टाकण्याचे काम. ड्यूमाने स्वतःच नाटक केले. सेन्सॉरने ते काही वर्षे अडवले आणि १८५२ मध्ये ते रंगभूमीवर आले. कादंबरीत मार्गरित एकटी मरते, आर्मां वेळेवर येत नाही. मागाहून तिची कबर उकरून तो तिचा सडलेला चेहरा पाहतो. नाटकात तो वेळेवर येतो आणि ती त्याच्या मिठीत मरते. लिलाव गेला, उकरलेली कबर गेली. १८५३ मध्ये व्हेनिसला व्हेर्दीचा ऑपेरा ‘ला त्राव्हियाता’ आला. व्हेर्दीला पात्रे आजच्या कपड्यांत हवी होती. नाट्यगृहाच्या व्यवस्थापनाने कथा दीडशे वर्षे मागे, १७०० च्या सुमारास ढकलायला लावली. प्रेक्षागृहात बसलेल्या सभ्य गृहस्थांना रंगमंचावर आपलाच कोट दिसू नये, हा बेत. १९३६ च्या अखेरीस ग्रेटा गार्बोचा ‘कॅमिल’ आला. गार्बो इतकी देखणी मरते की क्षय हा जंतूंनी होणारा रोग आहे हे विसरायला होते.

मेट्झगरला या अडचणी नव्हत्या. हॉलिवूडची जुनी आचारसंहिता १९६८ मध्ये मोडीत निघाली होती. व्हेर्दीला नाकारलेले आजचे कपडे त्याला हवे तितके मिळत होते. उलट त्याने नावात ‘२०००’ घालून कथा आणखी पुढे, भविष्यात नेली. मग त्याने या मोकळीकीचे काय केले?

त्याने घर बांधले, आणि ते अफलातून बांधले. मार्गरितच्या घरात सगळे पांढरे आणि पारदर्शक. हवा भरलेले प्लॅस्टिकचे आसन, प्लॅस्टिकचा पलंग, जिकडे तिकडे आरसे. एन्रिको साब्बातिनीचे नेपथ्य, एन्नियो ग्वार्निएरीचा कॅमेरा, पिएरो पिच्चिओनीचे संगीत. ही तिन्ही माणसे कसबी आहेत. मी हा चित्रपट घरी संगणकावर, खिडक्या लावून पाहिला (आमच्या गल्लीत दुसरा मार्ग नाही), आणि त्या घराने मला गुंगवले हे खरेच आहे. ज्या बाईला खाजगी असे काही नाही तिच्या पलंगाच्या आरपार दिसावे, ही कल्पना एखाद्या मोठ्या दिग्दर्शकाला शोभावी अशी आहे. पण कल्पना तिथेच थांबते. आरपार पाहिल्यावर पलीकडे काय दिसते? दुसरा पलंग, दुसरा आरसा.

आणखी एक श्रेय मेट्झगरला दिले पाहिजे, आणि ते मी बाई म्हणून देते. ड्यूमाला मार्गरितचे प्रेम ‘शुद्ध’ ठरवण्यासाठी ते देहापासून धुऊन काढावे लागले. मेट्झगर असली धुलाई करत नाही. एका शय्याप्रसंगात कॅमेरा पुढच्या पांढऱ्या कॅमेलियावर आणि मागच्या चेहऱ्यावर आलटून पालटून स्थिर होतो. फूल स्पष्ट तेव्हा चेहरा धूसर, चेहरा स्पष्ट तेव्हा फूल धूसर, असे तिच्या श्वासाच्या लयीत चालते. इथे सुख तिचे आहे, आणि त्याबद्दल तिला कुठेही लाजायला लावलेले नाही. दान्येल गोबेर या नटीचा चेहरा तेवढा वेळ खरोखर तिचा स्वतःचा असतो. आपल्या सोवळ्या समीक्षेने यावर नाक मुरडले तर मी मेट्झगरच्या बाजूने उभी राहीन. बाईच्या देहाला सुख असते हे सांगणे म्हणजे तिचा अपमान नव्हे.

माझी तक्रार निराळी आहे. देह इतका उघडा दाखवणाऱ्या या चित्रपटाने हिशेब पुरता झाकला. इथला आर्मां धनिक बापाचा मुलगा आहे. सात-आठ हजार विरुद्ध लाख हे अंतरच उरलेले नाही. श्रीमंत घरातला मुलगा श्रीमंतांनी ठेवलेल्या बाईच्या प्रेमात पडतो, दोघांनाही पैशाची फिकीर नाही, आणि आपणही ती करू नये असे दिग्दर्शकाला वाटते. ज्या दिवशी शाल विकली जात नाही त्या दिवशी त्यागही घडत नाही, हे त्याच्या लक्षात आले नाही. बाप इथेही येतो, मुलाला सोड म्हणतो, ती सोडते. पण ज्या कंपूत रोज रात्री सारेच साऱ्यांबरोबर आहेत, लाज ही वस्तूच कुणाच्या घरात शिल्लक नाही, तिथे बापाच्या शब्दाला जोर कुठून यावा? ड्यूमाच्या बापामागे अख्खी सोयरीक-बाजारपेठ उभी होती. मेट्झगरच्या बापामागे मोकळी भिंत आहे. म्हणून मार्गरितचे जाणे कळत नाही, नुसते दिसते. क्षयाच्या जागीही आता अमली पदार्थ आले आहेत. क्षय कोंदट खोलीतून, अर्धपोटी दिवसांतून येतो. अल्फोन्सीन प्लेसी असल्याच दिवसांतून वर आली होती. नशा इथे मेजवानीतून येते. मरणाचा पत्तासुद्धा गरिबांच्या घरावरून श्रीमंतांच्या घरावर बदलून दिला!

रोमच का, हा प्रश्नही पडतो. इटलीत सरकारमान्य कुंटणखाने होते. समाजवादी सिनेटर लीना मेर्लीन यांनी वर्षानुवर्षे झगडून केलेल्या कायद्याने ते १९५८ साली बंद झाले. कुंटणखान्यातल्या बायकांची नोंदणी, सक्तीची तपासणी, हे सगळे त्या कायद्याने संपवले. चित्रपटाच्या आधी उणीपुरी अकरा वर्षे. आणि ज्या १९६९ मध्ये चित्रपट आला त्याच वर्षाच्या शरद ऋतूत इटलीतले कारखाने संपांनी धुमसत होते. त्या काळाला तिथे ‘तापलेला शरद’च म्हणतात. एवढ्या रोममधून मेट्झगरने उचलले काय, तर गाड्या, कपडे आणि फुगवलेले फर्निचर.

आणि तो मेजवानीचा प्रसंग. ज्यांनी चित्रपट पाहिला ते सगळे या प्रसंगाबद्दल बोलतात. धनिकांची मेजवानी, सजावट तुरुंगाची. गज, पिंजरे, साखळ्या. पाहुणे कैदी झालेले. साखळी हा दागिना, बंदिवास हा खेळ. आर्मां आणि मार्गरित इथे पुन्हा समोरासमोर येतात. प्रसंग देखणा आहे, चित्रपटातला सर्वांत देखणा. आणि नेमका इथेच मला तो सोसला नाही.

कारण ड्यूमाच्या पॅरिसमध्ये बायकांचा तुरुंग हा खेळ नव्हता. त्या शहरात शरीरविक्रय करणाऱ्या बाईला पोलिसांच्या वहीत नाव घालावे लागे, ठरलेल्या दिवशी तपासणीला जावे लागे, आणि नियम मोडला तर न्यायाधीशासमोर उभेही न करता पोलीसखात्याच्या हुकमाने तिला सां-लाझारच्या तुरुंगात डांबता येई. १८३६ मध्ये पारां-द्युशातले या डॉक्टरचा पॅरिसच्या वेश्यांवरचा दोन खंडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याआधी त्याने याच शहराच्या गटारांचा अभ्यास केला होता आणि दोन्हीकडे तो एकाच नजरेने, स्वच्छतेचा प्रश्न म्हणून पाहत होता. मार्गरितसारख्या वरच्या दर्जाच्या बाया या वहीतून सुटत. पण वही खाली पसरलेली असे. पाय घसरला की तिच्यातच पडायचे. मार्गरितच्या हसण्यामागची घाई ही त्या वहीची घाई आहे.

ज्यांना साखळी घातली गेली नाही त्यांनाच साखळीचा दागिना सुचतो. पेशवाईत आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता असे आपण वाचतो, सांगतो. उद्या मुंबईच्या एखाद्या बंगल्यात श्रीमंत पोरापोरींनी मडक्या-झाडूचा पोशाख करून रात्रभर नाच केला, आणि कुणी त्याचे अत्यंत सुंदर चित्रीकरण करून दाखवले, तर ते चित्रीकरण सुंदर असूही शकेल. पण आपल्याला काय झाले हे त्या सुंदरतेला विचारता येणार नाही. माझे म्हणणे ‘अश्लील’ या शब्दाशी संबंधित नाही. अश्लील म्हणायचेच तर मी त्या शय्याप्रसंगाला म्हणणार नाही, या मेजवानीला म्हणेन.

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्त याने १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात मार्गरितवर एक लहानसा लेख लिहिला आहे. तो म्हणतो की तिचे प्रेम हे मुळात मालकवर्गाकडून मान्यता मिळवण्याची धडपड आहे. आपण वस्तू आहोत हे तिला कळते, पण मालकांच्या घरातली शोभेची वस्तू होण्यापलीकडे तिला वाट सुचत नाही. हे निदान तल्लख आहे आणि बरेचसे बरोबरही आहे. बापाकडे मुलीचे चुंबन मागणारी मार्गरित मान्यताच मागत असते. तरी मला बार्तचे पुरते पटत नाही. खालून आलेल्या माणसाची मान्यतेची भूक ही त्याला कमीपणाची गोष्ट वाटते, कारण मान्यता त्याला जन्मतःच होती. नाव लिहायला शिकलेली बाई मरताना आपली बाजू कागदावर लिहून ठेवते, ही काय निव्वळ शोभा झाली? ती पाने तिने मालकासाठी लिहिली असतील. पण लिहिली तिने.

इथे १६ जून १९३६ ची आठवण येते. त्या दिवशी मुंबईला परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्या सभेत भाषण केले आणि हे जिणे सोडा असे त्यांना सांगितले. (गार्बोचा ‘कॅमिल’ त्याच वर्षाअखेरचा.) बाई म्हणून ते भाषण वाचताना मला सोपे जात नाही, त्यात समाजाच्या अब्रूचा मुद्दा आहे, आणि पोट कसे भरायचे या प्रश्नाला दिलेले उत्तर कडक आहे. पण थोरल्या द्युव्हालच्या भाषणाशेजारी ते ठेवून पाहावे. दोघेही बाईला ‘सोड’ म्हणतात. एक म्हणतो, माझ्या मुलीच्या लग्नासाठी सोड आणि नजरेआड हो. दुसरा म्हणतो, सोड आणि आमच्यात येऊन आमच्याबरोबरीने उभी राहा. पहिल्याच्या मागणीत बाईला उद्या नाही.

आपल्याकडे या जगाचे लिखाण झाले ते हिशेबासकट झाले. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) कामाठीपुऱ्याच्या वस्तीतून आला. तिथे देहाला दर आहे आणि जखमेला वास आहे. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये (१९९४) नाचणाऱ्या बाईच्या कमाईवर अख्खे घर कसे बसून खाते हे तिच्या मुलाने लिहिले. ‘गोलपिठा’ आला त्याच वर्षी आपला प्रेक्षक ‘पाकीजा’तल्या मीनाकुमारीच्या पायांसाठी हळहळत होता, दोन्ही एकाच मुंबईत. पण ढसाळ पुरुष, काळे मुलगा. त्या बाईने स्वतः ठेवलेली वही अजून फारशी आपल्या हाती आलेली नाही. मार्गरितची पाने मला एवढी का लागली, याचे कारण त्यात असावे.

हा चित्रपट मी वर्गात दाखवू शकणार नाही, प्राचार्य मला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. पण ‘शोकात्मिका’ शिकवताना यंदा कादंबरीचे लिलावाचे प्रकरण वाचून दाखवायचे ठरवले आहे. त्यात शेवटी मार्गरितची बहीण येते. मेट्झगरच्या काचेच्या घरात या बहिणीला जागा असणे शक्य नव्हते. गावाबाहेर कधी पाऊल न टाकलेली, धष्टपुष्ट शेतकरी बाई. बहीण कुठे आहे, काय करते, याचा तिला सहा-सात वर्षे पत्ता नव्हता. सावकारांचे फिटल्यावर उरलेले पन्नासेक हजार फ्रँक तिच्या पदरात पडतात. पॅरिसवाल्यांना तिची गंमत वाटते, ड्यूमालाही वाटते, आणि दोन-चार ओळींत तो तिला परत गावी पाठवून देतो. तिने त्या पैशाचे काय केले, शेत घेतले की कर्ज फेडले, की भीतीने तसेच गाठोड्यात बांधून ठेवले, हे त्याने लिहिलेले नाही.